सैनिकाचा मृत्यू आणि कुटुंबनिवृत्तिवेतन

सैनिक सेवेत असता निवर्तल्यास त्याच्या पत्नीस मिळावयाचे निवृत्तिवेतन हुद्द्यावरून व पगारावरून ठरत असावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. अखेरचे वेतन हा केवळ पाया होय. त्याचा किती अंश कुटुंबास द्यावयाचा, हे मृत्यूचे कारण ठरविते.

संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने या कारणांचे पाच वर्ग पाडले आहेत. सेवेशी संबंध नसलेला नैसर्गिक मृत्यू हा पहिला वर्ग. त्यात साधारण कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. पहिली दहा वर्षे ते वेतनाच्या ५० टक्के असते, पुढे ३० टक्के. सेवेमुळे जडलेला वा बळावलेला रोग आणि कर्तव्य बजावताना झालेला अपघात हे पुढील दोन वर्ग. त्यांत विशेष निवृत्तिवेतन, म्हणजे ६० टक्के. दहशतवाद्यांचा हल्ला, शत्रूशी लढाई, सरकारने अधिसूचित केलेली मोहीम यांत आलेले मरण शेवटच्या दोन वर्गांत मोडते. तेथील ‘उदारीकृत’ निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाइतकेच असते. (हे विशेषण काहीसे फसवे आहे. पतीचा पगार चालू राहिला, एवढाच त्याचा अर्थ; यात औदार्य कसले?) वेतन ४०,००० रुपये धरल्यास, महागाईचा भाग वगळता, विशेष निवृत्तिवेतन २४,००० रुपये होते आणि उदारीकृत ४०,०००. म्हणून आकड्याआधी मृत्यूची नोंद कोणत्या वर्गात झाली, हे पाहिले पाहिजे.

वर्गीकरण कागदावर सुबोध दिसते. अडचण सीमेवर येते. जानेवारी २०१३ मध्ये जम्मू-काश्मीरात नियंत्रण रेषेनजीक गस्तीवर असता कडाक्याच्या थंडीत एका नायकाची प्रकृती ढासळली व हृदयक्रिया बंद पडून तो मरण पावला. प्रथम त्याची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी झाली. मागाहून ती ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ अशी बदलण्यात आली. या एका शब्दाने त्याच्या पत्नीच्या वाट्यास उदारीकृत नव्हे, तर विशेष निवृत्तिवेतन आले. वस्तुतः २००३ च्या सेनादेशाने नियंत्रण रेषेवर हवामानामुळे उद्भवलेल्या आजाराचे मरणही युद्धहानीतच गणले आहे. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने तिची मागणी मान्य केली. सरकार अपिलात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले, अशा विधवेस न्यायालयात खेचावयास नको होते असे म्हटले आणि तिला ५०,००० रुपये खर्च देवविला. तोवर पतीच्या मृत्यूस जवळजवळ बारा वर्षे होत आली होती.