सोलर पॅनेल परवडेल का? छोट्या व्यावसायिकासाठी एक हिशेब

अलीकडे सोलर पॅनेल हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. एजंट दारात येतो, "वीज बिल शून्य" असे सांगतो आणि कोटेशन ठेवून जातो. बँकेत नोकरीला असल्यामुळे ओळखीची माणसे ते कोटेशन घेऊन माझ्याकडे येतात व विचारतात, "घेऊ का?" मी इंजिनिअर नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. परंतु हा प्रश्न विजेपेक्षा हिशेबाचा अधिक आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या एका स्नेह्यांचे दादर पूर्वेला कपडे शिवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. जुन्या चाळीत तळमजल्यावर पागडीच्या दोन खोल्या, त्यांत बारा मशीन, दोन इस्त्र्या आणि दहा पंखे. महिन्याला सुमारे ६०० युनिट वीज लागते. त्यांना पाच किलोवॅटचे कोटेशन मिळाले होते. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी की कर्ज काढावे, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे उरला होता. अर्ज भरण्यापूर्वी आम्ही दोघे एका संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम थोडी माहिती. प्रकाशापासून वीज निर्माण होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकेरेल यांनी १८३९ साली दाखविले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. आजचे पॅनेल त्याच जातीचे. एक किलोवॅटच्या पॅनेलला सुमारे १०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते. आपल्याकडे त्यापासून वर्षाला सरासरी १,३०० युनिट वीज मिळते असे धरता येईल. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ती घटते, मार्च ते मे या काळात वाढते.

आता हिशेब. पाच किलोवॅटसाठी जागा लागते ५०० चौरस फूट. खर्च किलोवॅटमागे ६० हजार रुपये धरला, तर एकूण ३ लाख. वर्षाला वीज ६,५०० युनिट. व्यापारी दर युनिटमागे १० रुपये धरू. वाचकांनी येथे आपल्या बिलावरचा आकडा घालावा. म्हणजे बचत ६५ हजार. त्यातून साफसफाई व देखभालीचे ५ हजार वजा जाता राहिले ६० हजार. एजंट म्हणाला होता, पाच वर्षांत पैसे वसूल. तो खोटे बोलला नव्हता.

पण त्याने व्याज धरले नव्हते. ३ लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६,३७४ रुपये येतो. बचत महिन्याला ५ हजार. म्हणजे पाच वर्षे दरमहा १,३७४ रुपये खिशातून घालावे लागणार. ही रक्कम होते ८२,४४०. ती भरून निघायला पुढे आणखी साडेसोळा महिने. थोडक्यात, खरा नफा सुमारे साडेसहा वर्षांनी सुरू होतो. ठेव मोडली तरी तिचे व्याज बुडतेच. तेही खर्चातच धरावे. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, मात्र इन्व्हर्टर मध्येच एकदा तरी बदलावा लागतो.

साडेसहा वर्षे हा काही वाईट सौदा नव्हे. म्हणून मी स्नेह्यांना विचारले, "साडेसहा वर्षे ते छप्पर तुमच्याकडे राहील का?" ते गप्प झाले.

दादर-परळ भागात खरी अडचण हीच आहे. पागडीचा भाडेकरू आपल्या खोलीत राहतो, गच्ची मालकाची असते. सोसायटी असेल तर गच्ची सर्वांची असते. तेथे सर्वसाधारण सभेची संमती लागते. शिवाय जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. नायगावच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत. जी इमारत चार वर्षांनी पाडायची, तिच्यावर पाच वर्षांचे कर्ज चढवून कसे चालेल? आणखी एक गोष्ट, शेजारच्या टॉवरची सावली. पॅनेले एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे एकावर पडलेली सावली संपूर्ण माळेची वीज कमी करू शकते. आमच्या स्नेह्यांच्या गच्चीवर दुपारी दोननंतर ऊन नसते. कबुतरांची विष्ठाही तेच काम करते आणि दादरकरांना कबुतरांविषयी वेगळे सांगायला नको.

काही गैरसमजही दूर केले पाहिजेत. साध्या, बॅटरी नसलेल्या यंत्रणेत रस्त्यावरची वीज गेली की सोलरही बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून तशी व्यवस्था असते. बॅटरी घेतली तर खर्च वाढतो. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. नेट मीटरमुळे दिवसाची जादा वीज बिलातून वजा होते, पण वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घेऊ नये. अनुदानाचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे, दुकानांसाठी नाही. मात्र गृहनिर्माण सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातील दिवे यांसाठी त्या योजनेत किलोवॅटमागे १८ हजार रुपयांची तरतूद करण्यात आली. आपल्या सभासदांनी आपापल्या सोसायटीत हा विषय जरूर मांडावा.

मग सोलर कोणी घ्यावे? छप्पर स्वतःचे, ऊन मोकळे आणि काम दिवसाचे, या तिन्ही गोष्टी जमत असतील त्याने. गावाकडे स्वतःच्या पत्र्याखाली पिठाची गिरणी असेल तर तिला ते शोभते. तीनपैकी एक गोष्ट जरी नसली, तरी आधी हिशेब पुन्हा करावा.

स्नेह्यांनी ठेव मोडली नाही. त्याऐवजी त्यांनी दहाही जुने पंखे बदलून कमी वीज खाणारे बी.एल.डी.सी. पंखे बसविले. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा, नवा ३० वॅटचा. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे १,३५० युनिटांची बचत. एका किलोवॅटचे पॅनेल वर्षभर देईल तेवढी! खर्च ३० हजारांच्या आसपास. ना गच्ची, ना परवानगी.

विद्यार्थ्यांना एक विनंती. घरातले मागील बारा महिन्यांचे बिल काढा आणि हा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडून वडीलधाऱ्यांना दाखवा. सही करण्यापूर्वी केलेला हिशेब घरातील एखादी ठेव वाचवतो. एवढे साधले तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.