१०.०.२.१५ : एका पत्त्यामागचं नेटवर्क

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं लिनक्स मशीन उभं करा, नेटवर्कच्या सेटिंगला हात लावू नका आणि सुरू झाल्यावर त्याचा आयपी पत्ता बघा. पुण्यात बघा नाहीतर बर्लिनमध्ये, बहुतेक वेळा तो १०.०.२.१५ असतो. गेटवे १०.०.२.२, डीएनएस १०.०.२.३. शेजारच्या लॅपटॉपवरच्या व्हीएमचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा, पत्ताही हाच. एका नेटवर्कवर दोन यंत्रांचा पत्ता एकच असला की गोंधळ उडतो. इथे उडत नाही, कारण ही यंत्रं एका नेटवर्कवर नसतातच. प्रत्येकाला स्वतःपुरतं, निव्वळ सॉफ्टवेअरने रचलेलं एक नेटवर्क मिळालेलं असतं.

हे पत्ते व्हर्च्युअलबॉक्सहून जुने आहेत. १९९५ च्या सुमाराला मॉडेमवरून डायल करणाऱ्या अनेकांना दूरच्या युनिक्स यंत्रावर नुसतं शेल खातं मिळायचं. आज्ञा टाइप करा, उत्तर वाचा, एवढंच. घरच्या संगणकाला खरं इंटरनेट द्यायचं की नाही, हे तिथल्या प्रशासकाच्या मर्जीवर. डॅनी गॅस्पारोव्हस्की यांचा ‘स्लर्प’ हा प्रोग्राम त्या साध्या खात्यातच चालायचा, कुठलेही खास हक्क न मागता. घरच्या संगणकाची पॅकेट्स तो उघडायचा आणि आतली मागणी स्वतःच्या नावाने बाहेर पाठवायचा. डायल-अप गेलं, पण ही युक्ती टिकली. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयूने ती उचलली, व्हर्च्युअलबॉक्समध्ये आपोआप निवडला जाणारा नॅट मोडही याच कोडवर उभा राहिला. इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स लोकांसमोर आणलं, २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. तीन मालक झाले, १०.०.२.१५ तसाच राहिला.

नॅटमध्ये गेस्टची, म्हणजे व्हीएमची, सगळी पत्रं घरमालकाच्या, म्हणजे ते चालवणाऱ्या होस्ट संगणकाच्या, नावाने टपालात पडतात. उत्तर मालकाकडे येतं आणि तो ते आत पोचवतो, पण भाडेकरूचं नाव बाहेर कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून गेस्टमधून ब्राउझर चालतो, अपडेट उतरतात, मात्र बाहेरून कुणी आत शिरू शकत नाही. खुद्द होस्टसुद्धा नाही. नॅटवरची दोन गेस्ट मशीनं एकमेकांनाही दिसत नाहीत. ती दिसायला हवी असतील तर ‘नॅट नेटवर्क’ नावाचा वेगळा मोड आहे.

आत जायचंच असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग. होस्टचा २२२२ पोर्ट गेस्टच्या २२ ला जोडायचा, मग होस्टवरून २२२२ वर एसएसएच केलं की आपण आत. थेट २२ का नको? लिनक्स होस्टवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या वापरकर्त्याला सहसा उघडता येत नाहीत, आणि होस्टचा स्वतःचा एसएसएच बहुधा तिथे आधीच बसलेला असतो. या नियमात होस्ट आयपीचा रकाना बरेच जण रिकामा सोडतात. रिकामा म्हणजे होस्टच्या सगळ्या नेटवर्कवर दार उघडं. तिथे १२७.०.०.१ लिहावं, मग दार फक्त त्याच लॅपटॉपवरून उघडतं.

काही अडलं की क्लासमध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘ब्रिज्ड कर’. मला तो पटत नाही. ब्रिज्ड मोडमध्ये व्हर्च्युअलबॉक्स होस्टच्या कार्डावर एक फिल्टर बसवतं आणि गेस्ट स्वतःच्या मॅक पत्त्यासह थेट नेटवर्कवर उतरतो. राउटरच्या यादीत ०८:००:२७ ने सुरू होणारं नवं यंत्र दिसू लागतं. फाइल सर्व्हर चालवायचा असेल तर हेच हवं. पण ऑफिसच्या स्विचवर एका पोर्टला एकच मॅक अशी अट असली, तर गेस्टला पत्ताच मिळत नाही. वाय-फायवर अडचण आणखी खोल आहे. ॲक्सेस पॉइंटशी जोडणी झालेली असते ती होस्टच्या मॅकने, दुसऱ्या मॅकची फ्रेम तो घेत नाही. मग व्हर्च्युअलबॉक्स जाणाऱ्या फ्रेमवर होस्टचा मॅक घालतं आणि येणाऱ्या पॅकेटचा आयपी बघून ते ज्या गेस्टचं त्याचा मॅक परत लावतं. हे काम नजरेआड इतकं बेमालूम होतं, की ते बिघडेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

होस्ट-ओन्ली मोडमध्ये फक्त होस्ट आणि त्याची गेस्ट मशीनं असतात. होस्ट १९२.१६८.५६.१ वर, गेस्ट सहसा १०१ पासून पुढे. पहिलं कार्ड नॅट, दुसरं होस्ट-ओन्ली, ही जोडी शिकणाऱ्यासाठी मला सर्वांत चांगली वाटते. अपडेट एका वाटेने येतात, एसएसएच दुसरीने चालतं आणि ऑफिसच्या नेटवर्कला या मशीनचा पत्ताही लागत नाही.

सायबर सुरक्षा शिकणारे ‘मेटास्प्लॉइटेबल’ वापरतात. ते मुद्दाम पोखरून ठेवलेलं लिनक्स आहे, त्याचा पासवर्डही जगाला माहीत आहे. असलं मशीन ब्रिज्डवर ठेवणं म्हणजे कॉलेजच्या नेटवर्कवर कुणालाही आयतं घर मोकळं करून देणं. त्याच्यासाठी ‘इंटर्नल नेटवर्क’ आहे, तिथे होस्टसुद्धा बाहेर राहतो. या नेटवर्कची ओळख म्हणजे फक्त त्याचं नाव. एका मशीनवर ‘लॅब’ आणि दुसऱ्यावर ‘लॅब१’ लिहिलं गेलं, तर व्हर्च्युअलबॉक्स तक्रार करत नाही, मुकाट्याने दोन वेगळी नेटवर्कं उभी करतं. शिवाय आपण सोय केल्याशिवाय इथे पत्ते वाटणारा डीएचसीपीही नसतो. तेव्हा पिंग जात नसेल तर आधी दोन्हीकडचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघावं, आणि मग हाताने दिलेले पत्ते.