अखेरच्या डावाचा मुखत्यार

बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक पक्षाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो; परंतु एकाच पिचरने नऊही डाव चेंडू टाकावेत अशी अपेक्षा आता क्वचितच केली जाते, कारण शंभराच्या सुमारास चेंडू टाकून होईतो त्याचा खांदा शिणलेला असतो आणि प्रतिपक्षाच्या फलंदाजांनी त्याची करामत पुरती ओळखलेली असते. अशा वेळी 'बुलपेन' नामक राखीव आवारात तैनातीला असलेल्या ज्या पिचरांना पाचारण करतात, ते 'रिलीफ पिचर'. आणि त्यांच्यापैकी ज्याच्या हवाली थोडक्या धावांची आघाडी व शेवटचा डाव केला जातो, तो 'क्लोजर'. ती आघाडी राखली की त्याच्या खाती एक 'सेव्ह' जमा होतो. ही नोंद अधिकृत दफ्तरात १९६९ पासून होऊ लागली.

हा हुद्दा पुष्कळदा त्याच्याच वाट्याला येतो, जो सामन्याची सुरुवात करण्याच्या कामी कमी पडला. मारियानो रिव्हेराचे तसेच झाले. पनामातील पुएर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावी वाढलेला, दुधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे हातमोजे करून खेळलेला हा तरुण १९९० साली अल्प मोबदल्यावर न्यूयॉर्क यँकीज या संघाकडे रुजू झाला. १९९५ मध्ये दहा सामन्यांची सुरुवात त्याच्याकडे सोपवली गेली, आणि पुढील अठरा हंगामांत ती पुन्हा कधीच सोपवली गेली नाही.

१९९७ मध्ये तो क्लोजर झाला आणि त्याच उन्हाळ्यात, सहकाऱ्याबरोबर सहज फेकाफेकी करताना, त्याचा चेंडू आपण होऊन वळू लागला. हा दोष घालवण्याची खटपट निष्फळ ठरली, तेव्हा त्याने त्यालाच आपले शस्त्र केले. 'कटर' म्हणून ओळखला जाणारा हा चेंडू सरळ येत असल्याचा भास होई, आणि ऐन वेळी काही इंच सरकून डावखुऱ्या फलंदाजाच्या मुठीपाशी, बॅटच्या अरुंद दांड्यावर आदळे. १९९९ च्या 'वर्ल्ड सिरीज' या अजिंक्यपदाच्या लढतीत अटलांटाच्या रायन क्लेस्कोने एकाच पाळीत तीन बॅटी मोडून घेतल्या. कोणता चेंडू येणार हे साऱ्यांना ठाऊक असे. ठाऊक असून उपयोग नसे.

मात्र या नोकरीत यश हिशेबात आधीच धरलेले असते, आणि बोभाटा होतो तो अपयशाचा. २००१ च्या वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात, ॲरिझोनाविरुद्ध एका धावेची आघाडी हाती असताना, रिव्हेराच्याच एका चुकीच्या फेकीने डाव बिघडला, बरोबरी झाली, आणि मग लुइस गोन्झालेझने मुठीजवळ लागलेला कटर जेमतेम उचलून, धाव अडवण्यासाठी पुढे सरकलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून टाकला. चेंडू वाईट नव्हता. फटकाही जोरदार नव्हता. अजिंक्यपद मात्र गेले.

असा पराभव उराशी बाळगणाऱ्याला हा पेशा मानवत नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डाव सांभाळायचा असतो. रिव्हेराने तो २०१३ पर्यंत सांभाळला आणि ६५२ सेव्हचा उच्चांक केला. नियमित हंगामांतील १,११५ सामन्यांत मिळून त्याने टाकले अवघे १,२८३ डाव, म्हणजे सामन्यागणिक सरासरी एकाहून किंचित अधिक. तरीही २०१९ मध्ये 'हॉल ऑफ फेम' या बेसबॉलच्या सन्मानदालनासाठी सर्वच्या सर्व ४२५ मते त्याला पडली, आणि असे एकमत तोवर बेब रूथसारख्या दिग्गजाच्याही वाट्याला आले नव्हते. मत देणाऱ्या वार्ताहरांनी त्याने टाकलेले डाव मोजले नाहीत, ते डाव कोणत्या प्रसंगीचे होते हे पाहिले.