आपल्या मोटारीस कोणते पेट्रोल योग्य?

गहू घ्यावयाचा झाला तर आपण तो मुठीत घेऊन पाहतो, तांदूळ नवा की जुना याची चौकशी करतो, तुपाचा वास घेतो. संसारातील हरेक जिनसाची अशी पारख करणारी आपली कुटुंबे पेट्रोल पंपावर मात्र एकच शब्द उच्चारतात : "भरा." खर्चाच्या वहीत दरमहा मोठा आकडा पडावयास लावणाऱ्या या वस्तूविषयी आपली माहिती बहुधा तिच्या दरापाशीच संपते. मग पंपावरील माणसाने "साधे की प्रीमियम?" असे विचारले की आपण क्षणभर गोंधळतो, आणि चार पैसे अधिक दिल्याने गाडीचे भले होत असेल तर हात आखडता का घ्यावा, अशा भावनेने महाग ते पसंत करतो. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

ऑक्टेन म्हणजे काय?

पेट्रोलच्या इंजिनात दट्ट्या हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबतो, आणि ऐन वेळी प्लगची ठिणगी ते पेटविते. ज्वाला ठिणगीपासून क्रमाने पसरत गेली तर दट्ट्यावर सलग रेटा बसतो. परंतु दाब व उष्णता यांमुळे, ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकाएकी पेटले, तर धातूवर हातोडी मारल्यासारखी टकटक ऐकू येते. चढावावर, भरल्या गाडीत ती विशेष जाणवते. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. ते दीर्घकाळ चालू राहिले तर इंजिनाचे आयुष्य घटते.

हा अवेळी पेट न घेण्याचा पेट्रोलचा गुण मोजण्याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि हेप्टेनला ० असे अंक देऊन, या दोहोंच्या मिश्रणांशी पेट्रोलची तुलना केली जाते. ९१ अंकाचे पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका तग धरणारे पेट्रोल. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी : हा अंक तग धरण्याचा आहे, शक्तीचा नव्हे. ज्या इंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते त्यालाच अधिक अंकाची गरज असते. डोळ्यास लागतो त्याहून मोठ्या नंबराचा चष्मा घातल्याने दृष्टी तीक्ष्ण होत नाही. फरक इतकाच, की येथे त्रास डोळ्यास न होता खिशास होतो.

परदेशी मुलाबाळांकडे जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एक खुलासा. अमेरिकेतील पंपावर ८७ हा आकडा पाहून तेथील पेट्रोल हलके समजू नये. तिकडे दोन निरनिराळ्या चाचण्यांची सरासरी लिहितात. त्यांचे ८७ म्हणजे आपल्याकडील मोजणीचे साधारण ९१.

शिशाचा धडा

'योग्य पेट्रोल' हा प्रश्न केवळ गाडीपुरता नसतो, हे एका जुन्या हकिकतीवरून कळते. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना असे आढळले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी नॉकिंग थांबते. १९२३ मध्ये असे पेट्रोल विक्रीस आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे द्रव्य हाताळणारे पाच कामगार दगावले, स्वतः मिजली यांनाही शिशाची बाधा झाली होती. तरीही हे पेट्रोल जगभर पसरले. गाड्यांच्या धुरातून शिसे हवेत, धुळीत आणि मुलांच्या रक्तात उतरत राहिले. त्याचा सर्वांत वाईट परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. आपल्या देशात १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले व २००० सालापासून ते देशभर लागू झाले. जगातून मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार व्हावयास २०२१ साल उजाडावे लागले. अल्जीरिया हा त्यातला शेवटचा देश. इंजिनाची कुरकुर थांबली म्हणजे पेट्रोल उत्तम, असे मानल्याची किंमत पिढ्यांनी मोजली.

आजचा खरा प्रश्न : इथेनॉल

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा या दर्जाचे इंधन विकले जाते. त्यात गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहाहून अधिक नसते. बेळगावपेक्षा गोव्यात आणि मध्य प्रदेशापेक्षा गुजरातेत पेट्रोल अनेक वर्षे स्वस्त राहिले आहे, त्याचे कारण राज्यांचे निरनिराळे कर. स्वस्त म्हणून ते हलके, असा अर्थ मुळीच नाही.

मात्र या पेट्रोलात आता इथेनॉल आहे. उसाचा रस, मळी, मका, तांदूळ यांपासून ते बनते. बेळगाव-कोल्हापूरकडील वाचकांना तर ते आपल्याच साखर कारखान्यांतून निघताना दिसते. २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले, आणि २०२३ पासून विक्रीस आलेले २० टक्क्यांचे, म्हणजे 'ई२०', मिश्रण २०२५ पर्यंत सर्वसाधारण झाले. त्यामुळे आयात तेलावरील खर्च वाचतो, शेतमालाला गिऱ्हाईक मिळते, शिवाय इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक मोठा आहे. साधे ई२० पेट्रोलच ९५ अंकाचे असते, असे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. तेव्हा केवळ अंकासाठी ९५ चे महाग पेट्रोल घेण्यात फारसे हशील उरलेले नाही. त्यात इंजिन स्वच्छ राखणारी द्रव्ये अधिक असतात, इतकेच.

परंतु नाण्यास दुसरी बाजूही आहे. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच. जुन्या बांधणीच्या चारचाकीचे मायलेज ई२० मुळे सहा ते सात टक्के व दुचाकीचे तीन ते चार टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार साधारण १४ जाईल. दुसरे असे, की इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या पद्धतीचे रबर हळूहळू खराब करते. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत हे ध्यानी घेऊन साहित्य वापरले आहे. खरी काळजी घ्यावयाची ती आजोबांच्या वेळेपासून अंगणात असलेल्या फियाटची, अँबेसिडरची, किंवा पहिल्या पगारावर घेतलेल्या स्कूटरची.

काय करावे?

प्रथम गाडीची पुस्तिका काढावी. किमान ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती चालते, या दोन्ही गोष्टी बहुधा तीत लिहिलेल्या असतात. पुष्कळदा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूसही सापडतात. पुस्तिका ९१ म्हणत असेल तर साधे पेट्रोल पुरेसे आहे. टर्बो अथवा जास्त दाबाच्या इंजिनासाठी अधिक अंक सांगितला असेल तर तेथे काटकसर करू नये.

गाडी जुनी असेल तर मेकॅनिककडून पेट्रोलच्या नळ्या, रबरी चकत्या व गास्केटे तपासून इथेनॉलला टिकणारी बसवून घ्यावीत. कार्बोरेटर असल्यास त्याची जुळणीही पाहावी. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते व ते सुधारण्याची सोय जुन्या यंत्रात नसते. टाकीतील जुना मळ सुटून फिल्टर तुंबतो, तोही वेळीच बदलावा. पावसाळ्यात, विशेषतः गोव्यासारख्या दमट हवेत, अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नये.

पंपावरही आपले काही हक्क आहेत, त्यांचा उपयोग संकोच न करता करावा. तेथील पाच लिटरच्या मापाने पेट्रोल मोजून मागता येते. त्यात २५ मिलिलिटरपेक्षा अधिक तूट चालत नाही. फिल्टर कागदावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. त्या दिवशीची घनता नोंदलेली असते, तीही पडताळून मागता येते. भेसळीची शंका घरी येऊन बोलून दाखविण्यापेक्षा तेथेच फिटविलेली बरी.

सारांश, योग्य पेट्रोल म्हणजे महाग पेट्रोल नव्हे, तर आपल्या इंजिनाने मागितलेले पेट्रोल. पुढच्या वेळी पंपावर जाण्याआधी ती पुस्तिका कपाटातून काढावी. पाच मिनिटांच्या त्या वाचनाने वर्षाचे काहीशे रुपये तर वाचतीलच, आणि घरातल्या जुन्या गाडीचे आयुष्यही वाढेल.