अंगणातली कॉन्टेसा

"भाभीजी, अठरा हजार देतो. उद्या क्रेन आणतो, जागा मोकळी करून देतो!"

२०२३ ची दिवाळी तोंडावर आली होती. घराची साफसफाई सुरू होती आणि मागच्या टिनाच्या गॅरेजसमोर कबाडीवाला उभा होता. आत सतरा वर्षांपासून बंद पडलेली मामंजींची कॉन्टेसा. टपावर जुन्या गाद्या, बॉनेटवर कुलरच्या खसच्या ताट्या, मागच्या सीटवर मांजरीचं बाळंतपण! मी मनातल्या मनात 'हो' म्हणूनच टाकलं होतं. इतक्यात सासूबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "विकायची तर विका बाप्पा. पण मी त्या गाडीत समोर कधी बसलीच नाही. तेवढं एकदा करून द्या, मग न्या."

मी चमकलेच. खरंच की! सोळा वर्षं ती गाडी आमच्या दारात धावती होती. समोरच्या सीटवर कोण? मामंजींचे मित्र, पाहुणे, जावई, नाहीतर मुलगे. सासूबाई कायम मागे. मांडीवर नातवंड, पायाशी डब्यांची पिशवी. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

कबाडीवाला हात हलवत परत गेला.

मैत्रिणींनो, आजच्या मुलींना कॉन्टेसा माहीत नसेल. पण ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्याच्या दारात कॉन्टेसा, त्याचा रुबाब काही औरच! हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये ती बाजारात आणली. मूळ बांधणी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीची, पण तयार व्हायची बंगालात, उत्तरपाड्याला. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, मागच्या चाकांना ताकद. त्यामुळे अमेरिकेतल्या मस्टँगसारख्या 'मसल कार'ची आठवण व्हावी असा थाट. म्हणून आजही तिचे चाहते तिला भारताची मसल कार म्हणतात. गंमत अशी की सुरुवातीला तिला इंजिन मात्र ॲम्बेसेडरचंच होतं, १४८९ सीसीचं. अंग पहिलवानाचं आणि दम म्हाताऱ्याचा! पुढे जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे ती खरी पळायला लागली. आमची १९९० ची, इसुझूवाली. २००२ मध्ये कंपनीने ही गाडी बनवणं थांबवलं आणि २००६ मध्ये मामंजींना अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून ती उभी ती उभीच.

आधी आम्ही गाडी एका गॅरेजमध्ये दिली. आगाऊ पैसे मोजले. चार महिन्यांनी गाडी दोरी बांधून परत आली. इंजिन सुटं करून डिकीत भरलेलं आणि कार्बोरेटर गायब! हे म्हणाले, "झाली हौस?" मला मात्र जिद्द चढली. ठरवलं, काम आपल्याच गॅरेजात, आपल्या डोळ्यांसमोर करायचं.

मामंजींच्या ओळखीचे एक मिस्त्रीचाचा होते. पस्तीस वर्षं कॉन्टेसा आणि ॲम्बेसेडर बांधलेला हात. ते तयार झाले. सोबत त्यांचा मदतनीस पोरगा. आणि तिसरी मी आणली.

मी ज्या वस्तीत बचतगटाचं काम करते, तिथली ही मुलगी. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स चांगल्या मार्कांनी पास झालेली आणि वर्षभर घरी बसलेली. एका ठिकाणी सांगितलं, "आमच्याकडे मुलींसाठी बाथरूम नाही." दुसऱ्या ठिकाणी काउंटरवर बिलं फाडायला बसवतो म्हणाले. घरी स्थळं येणं सुरू झालं होतं. तिची आई मला म्हणाली, "ताई, तुम्हीच काही बघा." मला वाटलं, वा! एका दगडात दोन पक्षी. गाडीही होईल आणि मुलीचं भलंही होईल.

एप्रिल २०२४ मध्ये कामाला सुरुवात झाली. आपल्या नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. टिनाखाली दहानंतर उभं राहवत नाही. म्हणून सकाळी सहा ते दहा आणि पुन्हा संध्याकाळी, अशी वेळ ठरली. सासूबाईंकडे ताकाचं खातं!

पहिल्या दिवशी पायाखालची मॅट उचलली तर खालची फरशी दिसली. पत्रा गंजून जाळी झालेला. चाचा लगेच वेल्डिंगचं म्हणायला लागले, तर ती हळूच म्हणाली, "चाचा, आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढू या." चाचांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. टाकी निघाली. आतल्या पेट्रोलचा चिकट डिंक झालेला होता.

इंजिन जाम होतं. माझ्या चिरंजीवांनी सुट्टीत येऊन सल्ला दिला, "नवी बॅटरी लावा, मारा सेल्फ." चाचा आणि ती दोघंही एकदम "नाही!" म्हणून ओरडले. अडकलेल्या पिस्टनला असा झटका दिला तर आतलं काहीतरी तुटतं. प्लगच्या भोकांतून तेल सोडून आठ दिवस गप्प बसायचं, मग हातानेच पाना लावून हळूहळू फिरवायचं. नवव्या दिवशी इंजिन बोटभर हललं, तेव्हा चाचांनी सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

जुन्या बाजारातून मिळालेला कार्बोरेटर साफ करताना मी उत्साहाने केसातला आकडा काढून दिला. ती हसली. "काकू, जेटमध्ये पिन घालायची नाही. भोक मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल पिते. हवेने साफ करायचं." मग मी तिला बर्था बेंझची गोष्ट सांगितली. नवऱ्याने मोटार बनवली, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन जर्मनीत मानहाइमहून फॉर्ट्‌सहाइमला, शंभरेक किलोमीटर, मोटारीने माहेरी गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने मोकळी केली, औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास बाईने केला, दुरुस्तीसकट! ती मन लावून ऐकत होती. म्हणाली, "तिला कोणी बाथरूमचं विचारलं नसेल!"

मग वाद झाला तो गाडी 'मॉडर्न' करण्याचा. चिरंजीवांना मोठं परदेशी इंजिन टाकायचं होतं. मुलीने शांतपणे सांगितलं, की आरसी बुकावर इंजिन नंबर असतो; कंपनीने दिलेली मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं आहे. मग ठरलं, की रूप आणि इंजिन मामंजींचंच ठेवायचं, बदल फक्त सुरक्षेसाठी आणि सोयीसाठी.

इंजिन खरादीवर जाऊन नवे पिस्टन, रिंगा घेऊन आलं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या रबरी नळ्या त्याला टिकत नाहीत, म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंत सगळ्या नळ्या बदलल्या. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. वायरिंग नवं, प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज. जुन्या एसीत ओझोनला मारक असलेला आर-१२ वायू होता. तो आता वापरात नाही, म्हणून कॉम्प्रेसर, पाइप, ऑइल सगळं नव्या वायूच्या हिशेबाने घेतलं. आणि पट्टे! आपल्याकडे समोरच्या सीटला पट्टा सक्तीचा झाला तो १९९४ पासूनच्या गाड्यांना. आमच्या गाडीचे पट्टे कधीच कुजले होते. तिने नुसता पत्र्यात बोल्ट मारू दिला नाही. "धक्का बसला तर पत्राच फाटेल," म्हणत आतून जाड लोखंडी पट्ट्या लावून घेतल्या.

आणि मग तो जुलैमधला दिवस. गाडी जॅकवर उचललेली आणि मदतनीस पोरगा तसाच खाली शिरला. तिने त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं. "आधी स्टँड लावू, मग जा." तो वैतागला, "दोन मिनिटांचं काम आहे ना!" पण तिने चारही स्टँड लावूनच त्याला आत सोडलं. पंधरा मिनिटांनी जॅकचं सील फुटलं, तेल वाहिलं आणि जॅक बसला. गाडी कचकन स्टँडवर टेकली. खाली तो पोरगा होता. ओरखडासुद्धा आला नाही.

सगळे सुन्न. सासूबाईंनी दोघांवरूनही मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

त्या आठवड्याचा हिशेब करायला मी बसले. चाचांचे दिवसाचे हजार, पोऱ्याचे सहाशे, तिचे चारशे. तिने पैसे मोजले, घडी केली आणि विचारलं, "काकू, एक बोलू? चाचांचं सोडा, त्यांचा हात पस्तीस वर्षांचा आहे. पण त्याला सहाशे आणि मला चारशे कसे?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे उत्तरं मनात भराभर आली. 'तू शिकतेस अजून.' तोही शिकतच होता. 'तुला मीच तर काम दिलं.' हेच तर खरं कारण होतं! तिचं काम मला काम वाटतच नव्हतं, माझा उपकार वाटत होता. दर आठ मार्चला मी वस्तीत माइक धरून समान कामाला समान दाम म्हणून सांगते. त्याचा कायदा १९७६ साली झाला, पुढे तीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आली, हे सगळं मला पाठ. आणि माझ्याच गॅरेजात, माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात चारशे लिहिलेले!

रात्री झोप आली नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग यात विचार कसला करायचा?" सकाळी मी वही काढली. तोवर तिचे बासष्ट दिवस भरले होते. दिवसाला दोनशे प्रमाणे बारा हजार चारशे तिच्या हातात ठेवले. त्यासाठी भिशीचे पैसे मोडले. ती काही बोलली नाही. नेहमीसारखी पाना घेऊन कामाला लागली. पण त्या दिवसानंतर हिशेबाच्या वेळी ती माझ्यासमोर खाली मान घालून बसली नाही. आणि मला वाटतं, मीही जरा सरळ बसायला शिकले.

डिसेंबरमध्ये गाडी रंगून आली. तोच मामंजींचा मोतिया पांढरा. जानेवारी २०२५ मध्ये आरटीओच्या चकरा झाल्या. फिटनेस, पीयूसी, पर्यावरण कर, उशिराचा दंड, नवी हाय सिक्युरिटी पाटी. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची पुनर्नोंदणी पूर्वी ६०० रुपयांत व्हायची, २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला तर १०,००० रुपये पडतात. नोंदणीही पाचच वर्षांची. एकूण खर्च अडीच लाखांच्या वर गेला. त्यामुळे, घरी जुनी गाडी असेल तर आधी पत्रा आणि कागद दोन्ही तपासा, मगच हौसेला हात घाला, हा माझा अनुभवाचा सल्ला!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही रामटेकला निघालो. सासूबाई सकाळी पाचपासून जरीकाठी नेसून तयार. हे दार उघडायला गेले तर त्यांनी थांबवलं, "मी उघडते." समोर बसल्या. मुलीने पट्टा लावून दिला. कामठी, कन्हान, मनसर... पूर्ण रस्ताभर त्या काचेतून समोर बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "केवढा मोठा दिसते गं रस्ता इथून! मागून तर नुसत्या ह्यांच्या मानाच दिसायच्या."

मागच्या सीटवर मी होते. मांडीवर डब्यांची पिशवी!

ती मुलगी आता चाचांच्याच गॅरेजात आहे. चाचांनी पत्र्याचा आडोसा करून बाथरूम बांधून घेतलं, चार दिवसांचं काम होतं ते. तिच्या घरी स्थळं अजून येतात. ती प्रत्येकाला एकच विचारते म्हणे, "लग्नानंतर मी गॅरेजात जाईन, चालेल?" दोघं उठून गेले. तिसऱ्याने विचार करून सांगतो म्हटलं आहे. तिला घाई नाही.

आणि माझी हिशेबाची वही? ती मी जपून ठेवली आहे. चारशेवर काट मारून सहाशे लिहिलेलं पान उघडून बघते अधूनमधून, विशेषतः भाषणाला जाण्याआधी. तुमच्या घरी कामाला येणारीच्या वहीतही एकदा डोकावून बघा. गंज पत्र्यालाच लागतो असं नाही.