मातीचा कस आणि आपले कर्तव्य

चाकणच्या बाजाराला कांदा-बटाटा पुरविणाऱ्या खेड तालुक्यात कारखाने शेताच्या बांधाला येऊन भिडले आहेत. म्हणूनच उरलेल्या जमिनीचा कस टिकविणे अगत्याचे आहे.

पिकामागून पीक घेऊन केवळ रासायनिक खते दिली, तर मातीतील सेंद्रिय कर्ब घटतो. माती घट्ट होते व पाणी धरून ठेवीत नाही. उपाय घरचेच आहेत : माती-परीक्षण, शेणखत, गांडूळखत, पिकांची फेरपालट आणि ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यास येताच जमिनीत गाडणे.

परंतु माती एका हंगामात सुधारत नाही. २०१५ च्या परंपरागत कृषी विकास योजनेतही त्यासाठी तीन वर्षे धरली आहेत. या काळात उत्पन्न घटू शकते आणि सेंद्रिय मालाचा पूर्ण भावही मिळत नाही. येथेच लहान शेतकरी माघार घेतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ च्या निबंधात दाखवून दिले, की शेत लहान असणे हा मूळ दोष नसून भांडवल व साधने अपुरी असणे हा आहे. तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या नोकरदार सभासदांनी अशा शेतकऱ्यांचे धान्य व भाजीपाला पहिल्या वर्षापासूनच ठरलेल्या भावाने घ्यावा. विद्यार्थ्यांनी मातीचे नमुने काढण्यास हातभार लावावा. सम्यक आजीविकेला साथ देणे हेही धम्मकार्यच आहे.

जय भीम!