आवाज उतू जाऊ नये म्हणून...

मुलांनो, आई दूध तापवायला ठेवते तेव्हा पातेलं काठोकाठ भरते का? नाही! वर चार बोटं जागा मोकळी सोडते. का बरं? थंड दूध गुपचूप तळाशी बसलेलं असतं. पण ऊत आला की ते सर्रकन वर चढतं. जागा नसेल तर सगळं शेगडीवर!

भजनाचं, कीर्तनाचं, गाण्याच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करताना ही चार बोटं जागा फार महत्त्वाची असते. मला हे कळलं, पण उशिरा.

लातूर-बार्शी रस्त्यावरचं आमचं मुरुड. मी डी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट. गल्लीत सप्ताह बसला होता. सत्तरी ओलांडलेले एक बुवा रोज रात्री गवळणी म्हणायचे. आवाज असा, की रडतं पोरगंही गप्प बसून ऐकायचं! मी मैत्रिणीकडून मुठीत मावेल एवढा रेकॉर्डर मागून आणला. बुवांनी अगदी हळू सुरुवात केली. रेकॉर्डरच्या मीटरवरची रेघ जेमतेम हलत होती. मला वाटलं, आवाज कमी येतोय. वाढवली लेव्हल! रेघ छान वर चढली. मी खूश.

पुढं काय झालं सांगू? पंधरा-वीस मिनिटांनी मृदंगावर जोरात थाप पडली, टाळकरी उठून उभे राहिले, गजर सुरू झाला आणि बुवांनी वरचा सूर लावला. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला तो विझेचना. पण मी बघत होते बुवांकडं! घरी येऊन ऐकलं, तर गजराच्या जागी नुसतं फर्र... फर्र... पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी नीट करू. पुढच्या वर्षी सप्ताह बसला, पण बुवा नव्हते.

आता बघू या, असं झालं कशानं?

आवाज म्हणजे हवेतली लाट. डिजिटल रेकॉर्डर ती लाट सारखी मोजत असतो, बहुतेक वेळा सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा, आणि दर वेळी एक आकडा लिहून ठेवतो. पण त्याच्याजवळचा सगळ्यांत मोठा आकडा ठरलेला असतो. मीटरवर त्या जागी शून्य असतं आणि त्याच्या खालचं सगळं उणे. हे माप डेसिबलचं. उणे ६ म्हणजे लाटेची उंची साधारण निम्मी आणि उणे १२ म्हणजे पाव. लाट शून्याच्या वर गेली, की तिचा शेंडा छाटला जातो. छाटलेला शेंडा कुठंच लिहिलेला नसतो. मग तो परत आणणार कुठून? आवाज थोडा कमी भरला असेल, तर तो घरी येऊन वाढवता येतो. थोडी खरखरही वाढेल, एवढंच. पण फाटलेला आवाज काही केल्या पहिल्यासारखा होत नाही!

म्हणून लेव्हल कशी ठरवायची? आत्ता चाललेल्या आवाजावरून नाही, तर पुढं येणाऱ्या सगळ्यांत मोठ्या आवाजावरून!

कार्यक्रमाच्या आधी जाऊन बसा. मृदंगवाले, टाळकरी जुळवाजुळव करत असतात. त्यांना सांगा, "काका, एकदा जोरात गजर करून दाखवा ना!" मग मोठ्यात मोठा आवाज उणे १२ च्या आसपास राहील अशी लेव्हल लावा. आणखी एक गंमत लक्षात ठेवा. तालमीत माणूस जेवढा मोठ्यानं गातो, त्याहून खऱ्या कार्यक्रमात जास्त मोठ्यानं गातो. समोर गाव बसलेलं असतं ना! उणे १२ ची जागा त्यासाठीच मोकळी ठेवायची. सुरुवातीला रेघ अगदी खाली राहील, राहू द्या. बटणाला हात लावायची घाई नको.

काही रेकॉर्डरमध्ये 'ऑटो' असतं. म्हणजे लेव्हल यंत्रच कमीजास्त करतं. बोलणं टिपायला ते बरं. पण गाण्यात गडबड करतं. थाप पडली की सगळाच आवाज दबतो, आणि गायक थांबला की पंख्याची घरघर मोठी होते. जमत असेल तर ते बंद ठेवा. हेडफोन असेल तर लावा. पण हेडफोनचा आवाज वाढवला म्हणून रेकॉर्डिंगची लेव्हल वाढत नाही, बरं का! त्या दोन गोष्टी वेगळ्या.

रेकॉर्डर कर्ण्याच्या तोंडाशी ठेवू नका. लेव्हल कमी करूनही आवाज फाटत असेल, तर सरळ मागं सरका. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो.

हे मागं सरकणं फार जुनं आहे. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचे गृहस्थ कलकत्त्याला आले आणि गौहर जान यांचं गाणं त्यांनी तबकडीवर उतरवलं. तेव्हा माइक नव्हता की बटण नव्हतं. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं! त्या काळी वरचा सूर आला की गायक स्वतःच कर्ण्यापासून मागं व्हायचे.

आणि आता आपल्या मराठवाड्याकडं येऊ. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली असाच टिपला गेला. जाती घरातून गेली, ओव्या म्हणणाऱ्या कितीतरी आज्याही गेल्या. पण त्यांचे आवाज आजही ऐकता येतात. कुणीतरी वेळेवर गेलं आणि नीट टिपलं, म्हणून!

तर आता एक करून पाहा. घरातल्या मोबाईलवर मित्राचं हळू बोलणं रेकॉर्ड करा, मग त्यालाच अगदी जवळून ओरडायला सांगा. पडद्यावर लाटांचे शेंडे सपाट दिसतात का बघा. मग चार पावलं मागं जाऊन तेच करा. दोन्ही ऐका. फरक आपोआप कळेल.

हे जमलं, की आजीजवळ जा. आधी विचारा, "आजी, तुझं गाणं भरून घेऊ का?" ती 'हो' म्हणाली, की एक ओवी मोठ्यानं म्हणायला लावा आणि लेव्हल ठरवा. वर चार बोटं जागा सोडा.

पण हे पुढच्या वर्षी नको. याच सुट्टीत करा.